आपली जुनी पाठ्यपुस्तके परदेशातल्या शाळेच्या कामाची आहेत का?

एप्रिलच्या परीक्षा आटोपल्या की नागपुरातल्या फ्लॅट स्कीमच्या व्हॉट्सॲप गटांवर एक आवाहन हमखास फिरते. ‘मुलांची जुनी पुस्तके कबाडीवाल्याला देऊ नका. आफ्रिकेतल्या, नेपाळमधल्या गरीब शाळांना पाठवायची आहेत. वॉचमनकडे जमा करा.’ लोक मनापासून देतात. मनीषनगर असो की प्रतापनगर, बघता बघता पार्किंगमध्ये खोक्यांची चळत उभी राहते.

अलीकडे ही चळत वाढली आहे, कारण नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पुस्तके बदलत आहेत. एनसीईआरटीने तिसरी आणि सहावीची पुस्तके २०२४-२५ मध्ये बदलली. चौथी, पाचवी, सातवी, आठवीची पुढच्या वर्षी. राज्य मंडळाने २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात केली. पूर्वी मोठ्या भावाची पुस्तके धाकटीला यायची, तिची झाली की शेजारच्या मुलाला जायची. ती साखळी आता तुटली. कव्हर घातलेले, एकही पान न दुमडलेले पुस्तक हातात असते आणि आपल्या शहरातल्या शाळेत ते कोणालाच नको असते. मग वाटते, जगात कुठेतरी लागत असेलच की!

उन्हाळ्यात अशा संकलनांमध्ये पुस्तके निवडायला मी बसते, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकते. या ढिगातला काही भाग परदेशातल्या शाळांना खरोखर उपयोगी पडतो. पण तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो, आणि तो कोणता, हे तिकडच्या शिक्षकाने ठरवायचे असते. आपण आधी पुस्तके गोळा करतो आणि मग घेणारा शोधतो. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

खोके उघडल्यावर काय निघते

वरच्या थरात पाठ्यपुस्तके. त्याखाली गाईड, दहावीचे प्रश्नसंच, पेनाने सोडवलेली वर्कबुके. तळाशी प्रॅक्टिकलची जर्नले आणि अर्ध्या भरलेल्या वह्या. कूलरच्या खोलीतल्या कपाटातून आलेल्या पुस्तकांना ओल धरलेली असते, पाने एकमेकांना चिकटलेली. माळ्यावरच्या पुस्तकांत कसर, कधी वाळवीची माती. प्लॅस्टिकचे कव्हर नागपूरच्या मे महिन्यात असे चिकटते की काढायला जावे तर मुखपृष्ठाचा रंग घेऊनच निघते.

बालभारतीने २०२३-२४ पासून दोन वर्षे पुस्तकांना वहीची कोरी पाने जोडली होती आणि पुस्तके भागांत विभागली होती. त्यामुळे त्या वर्षांची पुस्तके आली की पहिला भाग असतो, चौथा असतो, मधले भाग सापडत नाहीत. कोऱ्या पानांवर मुलांनी आपल्या नोंदी केलेल्या असतात, आणि त्या दुसऱ्या मुलाच्या काही उपयोगाच्या नाहीत.

पहिल्या पानाकडे तर फार काळजीने पाहावे लागते. लेबलवर मुलाचे नाव, वर्ग, तुकडी, शाळा, आईचा मोबाइल नंबर, कधी पासपोर्ट फोटोसुद्धा. ते पुस्तक कोणत्या देशात, कोणाच्या हाती जाणार हे आपल्याला माहीत नसते. त्यामुळे पुस्तक कुठेही द्या, ते लेबल घरीच काढा.

पाठ्यपुस्तक आपल्या अभ्यासक्रमाबाहेर का अडते

शाळेच्या पुस्तकांचे ढोबळ दोन प्रकार. एक पाठ्यपुस्तक, म्हणजे एका मंडळाच्या, एका इयत्तेच्या, ठराविक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी लिहिलेले पुस्तक. दुसरे पूरक पुस्तक: गोष्टी, शब्दकोश, विज्ञानाची चित्रमय पुस्तके, ज्ञानकोश. परीक्षा असो-नसो, ते वाचता येते. आपल्या ढिगात पहिला प्रकार भरपूर असतो आणि तोच सीमेवर अडतो.

डोळे तपासून, नंबर काढून बनवलेला चष्मा जसा असतो, तसे पाठ्यपुस्तक. काच उत्तम, फ्रेम धड, तरी दुसऱ्याच्या डोळ्यावर चढवला की त्याला धूसर दिसते आणि डोकेही दुखते. दोष चष्म्यात नसतो, दुसऱ्यातही नसतो. नंबर वेगळा असतो, एवढेच.

चौथीचे शिवरायांचे पुस्तक किंवा आपल्या ग्रामपंचायतीचा धडा परदेशात चालणार नाही, हे कोणालाही पटते. लोक म्हणतात, गणित तर सगळीकडे सारखेच ना? तत्त्वे सारखीच आहेत, पुस्तक मात्र सारखे नाही. आपण एक लाख लिहिताना १,००,००० असा स्वल्पविराम देतो. केनियातले मूल तीच संख्या १००,००० अशी लिहिते. ‘साडेतीन कोटी’ म्हणजे किती, हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते. शाब्दिक उदाहरणांत रुपये असतात, आपल्याकडच्या भाजीची खरेदी असते. हुशार मूल यातून वाट काढेल. ज्याला गणित आधीच अवघड जाते, ते तिथेच थांबेल.

नेपाळात लाख-कोटी चालतात, पण तिथे भूगोल अडतो. नेपाळने मे २०२० मध्ये नवा अधिकृत नकाशा काढला. त्यात कालापानी, लिपुलेख, लिंपियाधुरा नेपाळच्या हद्दीत दाखवले आहेत, आपल्या पुस्तकांत ते भारतात आहेत. आपला नकाशा असलेले पुस्तक तिथल्या शिक्षकाच्या हातात ठेवणे म्हणजे त्याला विनाकारण पेचात टाकणे. जुना ॲटलासही असाच तपासून घ्यावा लागतो. २०११ च्या आधीचा असेल तर त्यात दक्षिण सुदान हा देशच नसतो.

इंग्रजी पुस्तक तर कुठेही चालेल?

सीबीएसईची मुले असलेल्या घरांतून हा प्रश्न नेहमी येतो, आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

आफ्रिकेत शाळेची भाषा देशागणिक बदलते. मोझांबिकमध्ये पोर्तुगीज, सेनेगलमध्ये फ्रेंच, टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत. रवांडाने २००८ मध्ये फ्रेंच सोडून इंग्रजी माध्यम घ्यायचे ठरवले, म्हणजे तिथल्या शाळांमधली फ्रेंच पुस्तके एका निर्णयाने मागे पडली. ‘आफ्रिकेला पाठवू’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणत्या देशाला, कोणत्या इयत्तेला, हे ठरल्याशिवाय खोके बांधायलाच घेऊ नये.

बरे, इंग्रजी माध्यमाचाच देश निवडला, तर? पश्चिम केनियातल्या बुसिया भागात नेमका हाच प्रयोग झाला. १०० शाळांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा २५ शाळा निवडून १९९६ मध्ये त्यांना इंग्रजी पाठ्यपुस्तके दिली आणि मुलांचे गुण उरलेल्या शाळांशी ताडून पाहिले. पुस्तके कोणाची जुनी नव्हती, केनियाचीच अधिकृत होती. तरीही सरासरी गुण वाढले नाहीत. आधीपासून पुढे असलेल्या मुलांना फायदा झाला, बाकीची जिथे होती तिथेच राहिली. त्यातल्या बऱ्याच मुलांची इंग्रजी ही तिसरी भाषा होती, पुस्तक त्यांना वाचताच येत नव्हते. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्या देशाची स्वतःची, नवीकोरी पुस्तके जिथे बहुसंख्य मुलांपर्यंत पोचली नाहीत, तिथे आपल्या सहावीच्या विज्ञानाकडून किती अपेक्षा करायची? मेळघाटातल्या शिक्षकांना हे समजावून सांगावे लागत नाही. घरी कोरकू बोलणारे मूल पहिलीत मराठी पुस्तकासमोर बसते तेव्हा काय होते, ते त्यांनी रोज पाहिलेले असते.

नागपूर ते मोम्बासा

आता वाहतूक. नागपूर समुद्रापासून दूर असले तरी इथे कोरडे बंदर आहे. कोरडे बंदर म्हणजे समुद्राकाठी न जाता गावातच कस्टमची तपासणी होऊन कंटेनरला सील लागण्याची जागा. तिथून कंटेनर रेल्वेने मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरात जातो आणि पुढे जहाजाने, समजा, केनियाच्या मोम्बासा बंदरात.

वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण वीस टन पुस्तके धरा. एक पुस्तक तीनशे ग्रॅमचे म्हटले तर ही झाली पासष्ट हजारांहून अधिक पुस्तके. एवढी एकसारखी, निवडलेली, घेणाऱ्याला हवी असलेली पुस्तके एका शहरातून जमवणे सोपे नाही. कंटेनर भरला तर पुस्तकामागे जहाजाचे भाडे फार पडत नाही, हेही खरे. पण थोडीच खोकी असतील तर दुसऱ्यांच्या मालासोबत जागा घ्यावी लागते. तिथे भाडे घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर लागते, आणि दोन्ही टोकांचे हाताळणीचे खर्च वेगळे. कुरिअरने पाठवायचे म्हणाल, तर खर्च पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

कागदपत्रे हा वेगळाच विषय आहे. पाठवणाऱ्या संस्थेकडे आयात-निर्यात कोड लागतो, पुस्तकांची यादी आणि किंमत लिहून द्यावी लागते, कस्टम एजंट लागतो. खोकी लाकडी पॅलेटवर रचणार असाल तर ते लाकूड उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया केलेले असावे लागते आणि त्यावर तसा शिक्का लागतो, नाहीतर लाकडातली कीड दुसऱ्या देशात जाते म्हणून माल अडतो.

यावर कोणीतरी सांगतेच, की पुस्तकांवर कर नसतो. बरोबर आहे. युनेस्कोच्या पुढाकाराने १९५० मध्ये फ्लॉरेन्सला एक करार झाला, तो १९५२ पासून लागू आहे. तो मान्य केलेले देश आपसात पुस्तकांवर आयातशुल्क लावत नाहीत. पण बंदरातली हाताळणी, साठवणूक, देशांतर्गत कर हे या करारात येत नाहीत. सूट मिळवायची तरी माल सोडवून घेणाऱ्या संस्थेकडे कागद तयार हवेत. ते नसतील तर कंटेनर बंदरात पडून राहतो आणि दिवसागणिक डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा आकार, चढतो. शाळेला भेट म्हणून गेलेली पुस्तके त्या शाळेच्याच डोक्यावर बिल होऊन बसतात. मला या सगळ्या व्यवहारातली सर्वांत वाईट गोष्ट ही वाटते.

बंदरातून सोडवलेला मालही अजून शाळेत पोचलेला नसतो. शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा असतो, आणि आवाहनात त्या ट्रकचे भाडे कोणी धरलेले नसते. वर्षाचे गणितही पाहा. केनियात शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते, नेपाळात एप्रिलच्या मध्यावर, वैशाखात. आपल्याकडे पुस्तके मे-जूनमध्ये निघतात, कारण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. निवड, कागदपत्रे आणि समुद्रप्रवास धरला तर ती पोचेपर्यंत तिकडचे वर्ष संपत आलेले असते.

काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे नाही का?

हा आक्षेप चांगल्या मनातून येतो. चार मुलांत एक पुस्तक असलेला वर्ग ज्याने पाहिला आहे, त्याला ढीगभर पुस्तके रद्दीत जाताना पाहवत नाही. मलाही पाहवत नाही.

पण ‘काहीतरी’ फुकट येत नाही. ते उतरवून घ्यायला माणूस लागतो, ठेवायला कोरडी खोली लागते, निवडायला शिक्षकाचा वेळ लागतो. दोन खोल्यांच्या शाळेत खोली आणि वेळ, दोन्हीचा तुटवडा असतो. सिएरा लिओनमध्ये सरकारने शाळांना दिलेल्या पाठ्यपुस्तकांचे काय झाले, हे जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी तपासले. त्यांचा अहवाल २०१४ मध्ये आला. अनेक शाळांत पुस्तके मुलांना न देता कपाटात ठेवली होती, कारण पुढच्या वर्षी पुस्तके येतील याचा मुख्याध्यापकांना भरवसा नव्हता. आपणही त्या जागी असतो तर जपूनच ठेवली असती. एकदाच येणारी आणि पुन्हा कधी येतील ते न कळणारी मदत अशीच कुलपात जाते.

तिकडच्या प्रकाशकाचाही विचार करा. स्वाहिलीत किंवा रवांडाच्या किन्यारवांडा भाषेत मुलांची पुस्तके छापणाऱ्याला बाजार मुळात लहान असतो. त्या बाजारात फुकट इंग्रजी पुस्तके ओतली की त्याची उरलीसुरली विक्रीही जाते, आणि ज्या पुस्तकांची मुलांना सर्वांत जास्त गरज आहे तीच छापली जात नाहीत.

या कामात मुरलेल्या संस्थांनी आपली पद्धत यातूनच बदलली. बहामाच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी रॅनफर्ली यांना तिथल्या शाळांत पुस्तके नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या ओळखीच्या लोकांकडून जुनी पुस्तके मागवायला सुरुवात केली. त्यातून उभी राहिलेली बुक एड इंटरनॅशनल ही संस्था आज प्रकाशकांकडून मिळालेली नवी पुस्तके पाठवते. जॉन वूड यांनी १९९८ च्या नेपाळ फेरीनंतर तिथल्या शाळांना पुस्तके नेऊन दिली, त्यातून रूम टू रीड ही संस्था झाली. पुढे ती स्थानिक भाषांत, स्थानिक लेखक-चित्रकारांकडून मुलांची पुस्तके तयार करून घेऊ लागली. अमेरिकेतली बुक्स फॉर आफ्रिका जुनी पुस्तके आजही घेते, पण प्रकाशनवर्षाची अट घालून. जुनाट पाठ्यपुस्तके तीसुद्धा नाकारते.

मग यातले जाण्यासारखे काय आहे?

सुस्थितीतले इंग्रजी शब्दकोश. चित्रांची, कमी मजकुराची गोष्टींची पुस्तके. सजीवसृष्टी, अवकाश, मानवी शरीर यांवरची चित्रमय पुस्तके. अकरावी-बारावीची इंग्रजी माध्यमाची भौतिकशास्त्र आणि गणिताची पुस्तके, तीही विद्यार्थ्यांसाठी नव्हे तर शिक्षकाच्या टेबलावर संदर्भाला. न्यूटनचे नियम आणि कलनशास्त्र देश पाहून बदलत नाहीत, आणि उदाहरणे शोधणाऱ्या शिक्षकाला असे पुस्तक फार कामाचे असते. एवढे निवडले की आपल्या चळतीतून थोडीच खोकी उरतात. नेपाळसाठी ती ट्रकने रक्सौल-बिरगंज मार्गे जाऊ शकतात, जहाजाचा प्रश्नच येत नाही.

मराठी पुस्तकांचे काय, असे विचारणाऱ्यांना मॉरिशस आठवते. तिथे मराठी वंशाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि शाळेत मराठी शिकताही येते. पण त्या मुलांच्या घरात क्रिओल ही तिथली बोली बोलतात. मराठी येतच आहे असे धरून लिहिलेले आपले पहिलीचे पुस्तक त्यांना जड जाते. त्यांच्यासाठीची पुस्तके तिथली महात्मा गांधी इन्स्टिट्यूट तयार करते. छोट्या वाक्यांची सचित्र गोष्टीची पुस्तके मात्र तिथे आनंदाने वाचली जातील, आधी विचारून पाठवली तर.

परक्या देशाचे पुस्तक मुलांना कसे आपलेसे वाटते, हे आपल्या पिढीला खरे तर माहीत आहे. लोकवाङ्मय गृहामार्फत मिळणारी सोव्हिएत बालपुस्तके आठवा. बर्फ, अस्वले, समोवार, सगळे अनोळखी. पण ती पुस्तके मराठीत आली होती, आपल्यासाठी मुद्दाम अनुवाद करून, छापून. मॉस्कोतल्या मुलांची वापरलेली रशियन पुस्तके कोणी आपल्याकडे खोके भरून पाठवली असती तर आपण त्यांतली चित्रे पाहून ती बाजूला ठेवली असती.

आज हे काम स्वस्तात होते. बंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केले. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याने दिल्या आहेत, म्हणजे मूळ लेखकाचे नाव ठेवून कोणीही त्या वाचाव्यात, अनुवाद कराव्यात, छापाव्यात. मराठी गोष्टी आहेत, स्वाहिली आहेत, इतर कितीतरी भाषांतल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेतून चालणारा आफ्रिकन स्टोरीबुक हा प्रकल्पही असाच. आपण खोक्यांच्या भाड्याला जे पैसे घालणार, तेच तिकडच्या शाळेला तिकडच्या छापखान्यात या गोष्टी छापून घ्यायला दिले तर पुस्तक मुलाच्या भाषेत येते आणि छापखान्यालाही काम मिळते.

पैसे दिले की मुलांना देण्याची सवय कशी लागणार, असे पालक विचारतात. मुलांना निवडायला बसवा. पेन्सिलीच्या खुणा खोडू द्या, फाटकी पाने चिकटवू द्या, तिकडून आलेली यादी वाचून ती पुस्तके कपाटातून शोधू द्या. आपल्याला आवडते ते आणि समोरच्याला लागते ते, यातला फरक त्यांना तिथे कळतो.

आवाहन आले की काय विचारावे

घेणारी शाळा किंवा संस्था कोणती, आणि तिने स्वतः यादी दिली आहे का? कोणती भाषा, कोणत्या इयत्ता? बंदरातून माल कोण सोडवणार आणि शाळेपर्यंतचे भाडे कोण भरणार? नको असलेली पुस्तके निघाली तर त्यांचे काय करणार? ज्यांनी हे काम नीट केले आहे ते या प्रश्नांना लगेच उत्तरे देतात. ‘ते नंतर पाहू’ असे उत्तर आले तर खोके घरीच ठेवा.

गडचिरोलीला का नाही, असे विचारणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: तिथेही आधी विचारा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके मोफतच मिळतात. आश्रमशाळांकडून मागणी येते ती गोष्टींच्या पुस्तकांची.

राहिलेल्या पाठ्यपुस्तकांचे गिऱ्हाईक नागपुरातच आहे. एमपीएससीची तयारी करणारी मुले राज्य मंडळाची सहावी ते बारावीची इतिहास-भूगोलाची पुस्तके आणि एनसीईआरटीची जुनी पुस्तके मुद्दाम शोधत असतात, बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारत फिरतात. जवळच्या अभ्यासिकेत फोन करून कोणत्या इयत्तेची हवी ते विचारा आणि भागांत विभागलेली असतील तर सगळे भाग असतील तरच न्या. फाटकी, भिजलेली, सोडवलेली वर्कबुके आणि गाईड कबाडीवाल्याला द्यायला हरकत नाही. त्या कागदाचा पुन्हा कागद होतो. फक्त देण्याआधी प्लॅस्टिकची कव्हरे आणि नावाची लेबले काढून घ्या.